समुद्रावरच्या हवेतला डीएमएस: दुपारी आणि पावसात आकडा चढतो तेव्हा खरं काय मानायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना: क्वाड्रुपोल पीटीआर-एमएस (रेणूला प्रोटॉन देऊन वजनावरून गॅस ओळखणारं, एकेका वजनावर आळीपाळीने बघणारं मशीन), लॅबमध्ये कोरड्या सिलेंडरवर डीएमएसचं (डायमिथाइल सल्फाइड, समुद्रातून हवेत येणारा गंधकाचा गॅस) कॅलिब्रेशन केलं, सरळ रेषा आली, मग सप्टेंबरात गोवा ते मंगळूर अशी पाच दिवसांची चाचणी फेरी झाली आणि तिथे मास ६३ वर (प्रोटॉन मिळालेल्या डीएमएसचं वजन) पहाटे ३५० पीपीटी (हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे ३५०), भर दुपारी ७००-८००, आणि पाऊस आला की हजाराच्या वर. झिरो एअरच्या (मोजायचे गॅस काढून टाकलेल्या हवेच्या) सिलेंडरवर मात्र जेव्हा बघाल तेव्हा २० पीपीटी, हलतच नाही. मोठी क्रूझ चार आठवड्यांवर आलीये, गाइड म्हणतायत टॉफ मशीन (जवळजवळची वजनंही वेगळी दाखवणारं) मिळतं का बघा, आणि तुम्ही विचारताय की आर्द्रतेचं करेक्शन लावलं की भागेल का.

माझं मत आधीच सांगते, मग कारणं देते. फक्त आर्द्रतेच्या फॉर्म्युल्याने भागणार नाही, आणि टॉफ मिळालं तरी निम्मा घोळ तसाच राहील. तुमचा झिरो आणि तुमचं कॅलिब्रेशन ज्या हवेत झालंय ती हवा समुद्रावर नाहीचे, अडचण इथे आहे. झिरो असो की स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेला गॅस), तो सॅम्पलच्याच ओल्या हवेत, शक्य तितका सॅम्पलच्याच वाटेने मशीनपर्यंत आला पाहिजे. मी पंधरा-सोळा वर्षं जहाजांवर हेच काम करतेय आणि चांगला डेटा नि फेकून द्यायचा डेटा यात फरक जवळजवळ दर वेळी इथेच पडलेला बघितलाय.

आधी तुमच्या आकड्यांबद्दल. ३५० पीपीटी हा अरबी समुद्रासाठी अजिबात विचित्र आकडा नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात अ‍ॅक्वाबा मोहिमेत जहाजाने अरबी समुद्र दोनदा ओलांडला, तेव्हा जाताना डीएमएस ३०० ते ५०० पीपीटी आणि परतताना १०० ते ३०० असा मिळाला होता. तुम्ही तर किनाऱ्याजवळ होता, आणि गोवा-कर्नाटक किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी खालचं पाणी वर येतं, ऑक्सिजन संपतो, त्या दिवसांत पाण्यातला डीएमएस खूप वाढतो हे गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय. त्यामुळे हजार पीपीटी अशक्यच आहे असं मी म्हणणार नाही. ते जहाज कुठे होतं, वारा किती होता, कुठून होता यावर अवलंबून आहे.

पण दुपारचा चढ मला खटकतो. मोकळ्या समुद्रावर डीएमएसचा रोजचा चढउतार उलटा असतो. रात्रभर पाण्यातून गॅस येत राहतो आणि त्याला खाणारं फारसं कोणी नसतं म्हणून पहाटे सगळ्यात जास्त, मग ऊन वाढलं की ओएच रॅडिकल (फार क्रियाशील, अल्पायुषी कण) तयार होतात, ते डीएमएस खातात आणि दुपार टळेपर्यंत आकडा खाली येतो. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय. एखाद्या दिवशी जहाज एखाद्या हिरव्या पट्ट्यात शिरलं म्हणून दुपारी वाढ दिसू शकते, पण पाचही दिवस दुपारीच वाढत असेल तर आधी नळीवर आणि मशीनवर संशय घ्यायचा, समुद्रावर नंतर.

संशयित तीन आहेत: वाटेत काही हरवतंय का, वाटेत काही मिसळतंय का, आणि मास ६३ वर डीएमएस सोडून दुसरं कोणी येऊन बसतंय का. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि लोक नेमके तेच एकत्र करतात.

नळीपासून सुरू करू. तुम्ही लिहिलंय की पीएफएची (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकची) नळी पुढच्या डोलकाठीवरून लॅबपर्यंत पंचवीस मीटर आहे, पण ती गरम ठेवली होती की नाही ते लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक नव्हती. आता विचार करा, सप्टेंबरात बाहेर हवा २८ अंश, दवबिंदू २४-२५ च्या आसपास, आणि जहाजावरच्या लॅबमध्ये एसी २०-२१ वर, कारण मशीनं तापतात. म्हणजे नळी लॅबच्या भिंतीतून आत आली की तिच्यातल्या हवेला दव सुटणारच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो तसा या नळीला आतून येतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

माझ्या तिसऱ्या क्रूझवर हे मी स्वतः भोगलंय. मेथॅनॉल, म्हणजे मास ३३, सारखं वरखाली होत होतं आणि आम्ही तीन दिवस मशीनच्या पंपाला दोष देत होतो. शेवटी एका रात्री मशीन फक्त ३३ वरच ठेवलं, दुसरं काही मोजायचंच नाही असं ठरवून, तेव्हा दिसलं की सिग्नल लाटेसारखा दर नऊ-दहा सेकंदांनी वर जातोय आणि खाली येतोय, आणि जहाजही तेवढ्याच वेळात डाव्या-उजव्या अंगाला कलतंय. मग फॉल्स सीलिंगचा पत्रा उतरवला, तर नळी एका जागी झोळीसारखी खाली आलेली, बरोबर एसीच्या झोतासमोर, आणि तिच्या पोटात साधारण चमचाभर पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे जातंय. मेथॅनॉल, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोन हे पाण्यात विरघळणारे गॅस त्या पाण्यात मुरत होते आणि हलवलं की बाहेर येत होते. नऊ दिवसांचा विरघळणाऱ्या गॅसचा डेटा आम्ही सोडून दिला. डीएमएस पाण्यात त्यामानाने कमी विरघळतो म्हणून तो बराचसा वाचला, पण तेव्हापासून मी इनलेट (बाहेरची हवा आत घ्यायची नळी) लावताना पहिल्यांदा हीटिंग टेप मागते.

तेव्हा तुम्हीही पूर्ण नळीला, डोलकाठीपासून मशीनच्या तोंडापर्यंत, हीटिंग टेप आणि वर इन्सुलेशन लावा आणि ४० अंशांच्या आसपास ठेवा. लॅबमधला तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि भिंतीतून जिथे नळी आत येते तिथला हातभर भाग हमखास उघडा राहतो, तिथे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा. नळी कुठेही झोळ न पडता एका उतारात बांधा. सुरुवातीला कण अडवायला टेफ्लॉनचा फिल्टर असेल तर तोही तपासा, कारण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की फिल्टरवर साचलेलं मीठ पाणी ओढून ओलं होतं आणि मग सगळी हवा खाऱ्या चिखलातून ओढल्यासारखी येते. मी फिल्टर रोज सकाळी बदलते, खराब हवामानात दोनदा, आणि बदलल्याची वेळ लॉगबुकात लिहिते, कारण बदलल्या क्षणी सिग्नलमध्ये पायरी दिसली तर तो फिल्टर काहीतरी करत होता हे कळतं.

फ्लोबद्दल. आतला व्यास ६ मिलिमीटर धरला तर पंचवीस मीटर नळीत सुमारे ७०० मिलिलिटर हवा मावते. वेगळा पंप लावून मिनिटाला २० लिटर ओढलेत तर हवा दोन सेकंदांत आत येते, आणि पंप न लावता फक्त मशीनच्या ओढीवर, समजा मिनिटाला ३०० मिलिलिटरवर सोडलीत तर सव्वादोन मिनिटं ती उन्हात तापलेल्या नळीच्या भिंतीला घासत येते. तुमच्या दुपारच्या चढाचं हे एक कारण असू शकतं. यासाठी एक साधी परीक्षा आहे, पैसा लागत नाही: भर दुपारी मोठ्या पंपाचा फ्लो निम्मा करा, पाच मिनिटं थांबा, परत पूर्ववत करा. फ्लो निम्मा केल्यावर सिग्नल चढला तर नळी स्वतः काहीतरी सोडतेय, उतरला तर नळी गॅस खातेय, आणि जागचा हलला नाही तर नळीला या आरोपातून मोकळं करा. हे मी प्रत्येक क्रूझवर पहिल्या दोन दिवसांत करते, एकदा दुपारी आणि एकदा रात्री.

आता झिरो. तुमचा झिरो पाच दिवस २० वरून हलला नाही म्हणून तुम्हाला बरं वाटतंय, मला मात्र त्याचीच काळजी वाटते. सिलेंडरमधली हवा कोरडी असते, त्यामुळे बाहेर पाऊस असो की ऊन, तिला काही फरक पडत नाही, आणि म्हणूनच ती तुम्हाला समुद्राच्या हवेतल्या बॅकग्राउंडबद्दल (डीएमएस नसतानाही दिसणाऱ्या सिग्नलबद्दल) काहीच सांगत नाही. ओली हवा ड्रिफ्ट ट्यूबमध्ये (मशीनमध्ये हवा नि आयन जिथे भेटतात तिथे) गेली की मास १९ च्या, म्हणजे प्रोटॉन देणाऱ्या पाण्याच्या आयनला पाणी चिकटून मास ३७ चा क्लस्टर होतो, त्याला आणखी एक पाणी चिकटलं की ५५, आणि त्याच वेळी बाकीच्या रेणूंनाही पाणी चिकटायला लागतं. बॅकग्राउंडचा सगळा चेहरामोहराच बदलतो.

साधं गणित करा. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे ४०० पीपीएमच्या वर, म्हणजे तुमच्या डीएमएसच्या जवळपास दहा लाख पट. त्याचं वस्तुमान ४४, आणि त्याला १९ चा आयन चिकटला तर बेरीज ६३. हा क्लस्टर फार सैल असतो, बहुतेक तुटूनच जातो, पण दहा लाख पटीतला अगदी थोडा अंश उरला तरी तो ६३ वर दिसतो. झिरो एअरच्या सिलेंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड सहसा काढून टाकलेला असतो, म्हणजे हा भाग तुमच्या झिरोत येतच नाही आणि सॅम्पलमध्ये मात्र येतो, आणि वजाबाकी केली की तो सरळ डीएमएस म्हणून नोंदला जातो.

म्हणून कॅटॅलिस्ट वापरा. प्लॅटिनमचा, ३५० अंशांवर. बाहेरचीच हवा त्यातून जाते, डीएमएस आणि बाकीचे सेंद्रिय गॅस जळून जातात, पण पाणी तितकंच राहतं आणि कार्बन डायऑक्साइडही तितकाच राहतो, त्यामुळे त्यांच्यामुळे येणारं बॅकग्राउंड झिरोतही येतं आणि वजा होतं. दर तासाला पाच मिनिटं झिरो घ्या, त्यातली पहिली दोन मिनिटं फेकून द्या. कॅटॅलिस्ट खरंच सगळं जाळतोय ना हे क्रूझच्या आधी, मध्ये आणि शेवटी स्टँडर्ड गॅस त्यातून सोडून तपासा, कारण गंधकाने प्लॅटिनम हळूहळू मरतं. मिनिटाला २० लिटर जाळणारा मोठा कॅटॅलिस्ट असेल तर तो इनलेटच्या तोंडाशीच बसवणं सगळ्यात उत्तम, पण तो जड असतो, वीज खातो आणि बहुतेकांकडे नसतो. मग छोटा कॅटॅलिस्ट मशीनजवळ बसवायचा आणि नळीची झडती वर सांगितलेल्या फ्लोच्या परीक्षेने घ्यायची.

आर्द्रतेच्या करेक्शनचं काय? इथे डीएमएसच्या बाबतीत थोडी चांगली बातमी आहे. पीटीआर-एमएसमध्ये रेणूला प्रोटॉन मिळायचा तर त्याची प्रोटॉन ओढायची ताकद समोरच्यापेक्षा जास्त लागते. पाण्याची ती ६९१ किलोज्यूल प्रति मोल, दोन पाण्यांच्या जोडीची सुमारे ८०८, आणि डीएमएसची ८३१. म्हणजे डीएमएस १९ कडूनही प्रोटॉन घेतो आणि ३७ कडूनही. बेंझीनची ताकद ७५०, त्यामुळे बेंझीन ३७ कडून घेऊ शकत नाही आणि हवा ओली झाली की त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच गॅसला मिळणारा सिग्नल) पडते. तुम्ही डीएमएसचा सिग्नल १९ आणि ३७ दोन्ही मिळून नॉर्मलाइज केलात तर त्याची सेन्सिटिव्हिटी आर्द्रतेने फारशी हलत नाही, आणि पावसात हजार पीपीटी व्हायला हे कारण पुरणार नाही. ओल्या हवेत जास्त हलतो तो झिरो.

मास १९ थेट मोजू नका हे तुम्हाला माहीत असेलच, डिटेक्टरचे हाल होतात. २१ मोजायचा, म्हणजे जड ऑक्सिजनवाला, आणि साधारण ५०० ने गुणायचं. समुद्रावर ३७ सुद्धा इतका मोठा होतो की मी त्याऐवजी ३९ मोजते आणि २५० च्या आसपास गुणते. चाचणी फेरीत तुम्ही ३७ मोजला होता असं लिहिलंय, तो डिटेक्टरच्या कमाल मर्यादेला टेकला होता का ते बघा.

तिसरा संशयित मला सगळ्यात पक्का वाटतो, कारण तो दुपारीही येतो आणि पावसातही. अ‍ॅसिटाल्डिहाइड. प्रोटॉन मिळाल्यावर त्याचं मास ४५, त्याला एक पाणी चिकटलं की ६३. हा गॅस उन्हाने समुद्राच्या पाण्यातही तयार होतो, हवेतही तयार होतो, आणि त्रास म्हणजे टेफ्लॉनच्या मळक्या भिंतीवर ओझोन आणि ऊन मिळून तो नळीतही तयार होतो. दुपारी तो वाढतो, आणि पावसात हवा आणखी ओली झाली की त्याला पाणी चिकटण्याचं प्रमाण वाढतं. कॅटॅलिस्टही इथे मदत करत नाही, कारण तो अ‍ॅसिटाल्डिहाइड जाळून टाकतो, मग झिरोमध्ये हा क्लस्टर नसतो आणि सॅम्पलमध्ये असतो.

तपासायचं कसं? तुमच्या जुन्या डेटात ४५ आहे का बघा, असेल तर ६३ विरुद्ध ४५ असा आलेख काढा, ३७ जास्त असलेले बिंदू वेगळ्या रंगाने. ६३ जर ४५ च्या मागोमाग चालत असेल आणि ओल्या हवेत जास्त चालत असेल तर उत्तर मिळालं. पण त्याच्यावर विसंबू नका, लॅबमध्ये परत एकदा करून बघा: कॅटॅलिस्टच्या ओल्या झिरो हवेत फक्त अ‍ॅसिटाल्डिहाइड सोडा, डीएमएस अजिबात नाही, दवबिंदू ५ अंशांपासून २५ पर्यंत चार-पाच टप्प्यांत बदला, आणि प्रत्येक टप्प्यावर ४५ च्या किती टक्के सिग्नल ६३ वर दिसतो ते लिहून ठेवा. तो तुमच्या मशीनचा, तुमच्या सेटिंगचा तक्ता, दुसऱ्याच्या पेपरमधून उचलायचा नाही. प्रमाण फार येत असेल तर ड्रिफ्ट ट्यूबचं ई-बाय-एन (विद्युतक्षेत्र भागिले हवेची घनता) वाढवा, १२० टाउनसेंडवर चालवत असाल तर १३५-१४० करून बघा, जास्त जोराने आपटल्यामुळे सैल क्लस्टर तुटतात. त्याची किंमत अशी की सेन्सिटिव्हिटी थोडी उतरते आणि काही मोठे रेणू फुटायला लागतात, म्हणून सेटिंग बदलली की सगळं कॅलिब्रेशन पुन्हा. क्रूझच्या मध्येच बदलू नका.

पावसात आणखी एक गोष्ट होते जी मशीनशी संबंधित नाही: वारं फिरतं. वारं फिरलं की जहाजाचा स्वतःचा धूर पुढे येतो. त्यामुळे पावसातल्या हजार पीपीटीकडे बघताना ७९ आणि ९३, म्हणजे बेंझीन आणि टोल्युईन, त्याच वेळी उडी मारतात का हे आधी बघा.

आता कॅलिब्रेशन. डीएमएसचा स्टँडर्ड मशीनच्या मागे न देता इनलेटच्या तोंडाशी, डोलकाठीवर द्या, वेगळ्या बारीक नळीने वर नेऊन. गणित सोपं आहे: १ पीपीएमचा सिलेंडर, मिनिटाला १० मिलिलिटर, मुख्य फ्लो २० लिटर, म्हणजे ५०० पीपीटी भर पडली. हा भर बाहेरच्याच हवेवर टाकायचा, कोरड्या हवेवर नाही, आणि सिग्नल किती वाढला तो बघायचा. मशीनच्या तोंडाशी तोच भर टाकून तुलना केलीत की नळीत किती हरवतंय ते थेट कळतं.

याहून चांगली रीत आहे ती ड्युटेरियमवाल्या (जड हायड्रोजनवाल्या) डीएमएसची. जहाजांवर डीएमएसचा फ्लक्स (पाण्यातून हवेत किती जातो ते) मोजणाऱ्या गटांनी वातावरणाच्या दाबावर आयनीकरण करणाऱ्या मशीनवर ही रीत चांगली घोटून ठेवलीये. एका मिथाइल गटात तीन ड्युटेरियम घातलेला डीएमएस सतत, चोवीस तास, इनलेटच्या तोंडाशी सोडत राहायचा. तो मास ६६ वर दिसतो, साधा ६३ वर. दोघंही रसायन म्हणून जवळजवळ एकच असल्यामुळे नळीत जेवढा एक हरवतो तेवढाच दुसरा, आर्द्रतेने एकाचा सिग्नल जेवढा हलतो तेवढाच दुसऱ्याचा, आणि तुम्हाला फक्त ६३ भागिले ६६ हे गुणोत्तर लागतं. सहा ड्युटेरियमवाला स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नका, तो ६९ वर येतो आणि तिथे आयसोप्रीन आधीच बसलेला असतो, तुमच्या क्वाड्रुपोलला ते दोघे एकच दिसतील. आणि या रीतीने घट भरून निघते, भेसळ नाही. ६३ वर अ‍ॅसिटाल्डिहाइडचा क्लस्टर असेल तर तो ६६ ने भागला तरी तिथेच राहतो, म्हणून झिरो आणि वरचा तक्ता दोन्ही लागतातच.

सिलेंडरमध्ये गंधकाचे गॅस टिकत नाहीत, वर्षभरापूर्वी भरलेल्या सिलेंडरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. जमलं तर डीएमएसची परमिएशन ट्यूब (ठरलेल्या वेगाने गॅस पाझरणारी नळी) ठेवा, ३० अंशांवर स्थिर, आणि निघण्याआधी नि परत आल्यावर लॅबच्या तराजूवर तिचं वजन करा, जहाजावर वजन होत नाही. सिलेंडर आणि ट्यूब एकमेकांशी जुळले तर रात्री झोप लागते.

टॉफचा प्रश्न. डीएमएसचा खरा आयन ६३.०२६ वर असतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड-पाणी क्लस्टर ६३.०४४ वर, कार्बन डायऑक्साइडवाला ६३.००८ वर. हे वेगळे दिसायला साधारण ३५०० चं रिझोल्यूशन (जवळची वजनं सुटी दाखवायची क्षमता) लागतं, म्हणजे ४-५ हजारवाल्या टॉफवर ते सुटे होतात, आणि भेसळीचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. पण नळीतलं पाणी, ओला फिल्टर, जहाजाचा धूर, मेलेला कॅटॅलिस्ट, हे टॉफला दिसत नाही. शिवाय उधार आणलेलं, आधी कधी न चालवलेलं मशीन चार आठवड्यांत जहाजावर चढवणं हे मला धाडस वाटतं. तुमचा उद्देश फक्त डीएमएसची चांगली मालिका मिळवणं असेल तर माहितीचं क्वाड्रुपोल न्या. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत पीटीआर-एमएस हिंद महासागरावर जहाजातून चाललं होतं ते क्वाड्रुपोलच होतं, आणि त्यातून अ‍ॅसिटोनायट्राइलसारख्या गॅसची कामाची मोजणी आली, ज्यावरून लाकूडफाटा जाळल्याचा धूर ओळखता येतो.

उद्देश नवीन काही शोधणं असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅक्वाबामध्येच टॉफवर मास ९६ च्या जागी एक अनोळखी शिखर दिसलं आणि ते मिथेन सल्फोनामाइड निघालं, समुद्रातून येणारा, हवेत आधी कधी न मोजलेला गॅस, जास्तीत जास्त ६० पीपीटी, आणि त्याचा माग सोमालियाच्या किनाऱ्याकडच्या वर येणाऱ्या पाण्यापर्यंत लागला. असं काही क्वाड्रुपोलवर सापडणं जवळपास अशक्य, कारण तुम्ही ज्या मासवर बघायचं ठरवता तेवढंच ते दाखवतं. आणि डीएमएसचं पुढे काय होतं हे बघायचं असेल तर पीटीआर मुळातच अपुरं पडतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विमानातून केलेल्या मोजणीत कळलं की डीएमएसचा मोठा हिस्सा हायड्रोपेरॉक्सिमिथाइल थायोफॉर्मेट नावाच्या रेणूत जातो, आणि तो पकडला आयोडाइडवाल्या रासायनिक आयनीकरणाने.

क्वाड्रुपोल नेताना मोह आवरायचा तो मासच्या यादीचा. तीस मास लावलेत तर प्रत्येकाला तिसावा हिस्सा वेळ. मी डीएमएससाठी जाते तेव्हा २१, ३९, ३०, ३२, ३३, ४२, ४५, ५९, ६३, ६६, ६९, ७९, ९३ एवढेच ठेवते आणि ६३ ला बाकीच्यांच्या कितीतरी पट वेळ देते. का ते बघा: समजा तुमची सेन्सिटिव्हिटी १०० पीपीटीला सेकंदाला १२ काउंट आणि बॅकग्राउंड सेकंदाला ६. एकूण दहा सेकंद मोजलंत तर सॅम्पलमध्ये १८० काउंट, झिरोमध्ये ६०, फरक १२०, आणि त्यातली अनिश्चितता २४० चं वर्गमूळ, साडेपंधरा, म्हणजे १३ टक्के. एकच सेकंद मोजलंत तर ४१ टक्के. मोकळ्या समुद्रावर शंभर पीपीटीच्या हवेत याने सगळा फरक पडतो.

धुराबद्दल थोडंच, कारण हे तुम्हाला जहाजावरची जुनी माणसं सांगतीलच. इनलेट नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) बाजूला, धुराड्यापासून जितकं लांब नि उंच नेता येईल तितकं. जहाजाच्या सापेक्ष वारा पुढच्या बाजूने, डावी-उजवी ९० अंशांच्या आत असेल तेवढाच डेटा ठेवायचा, शिवाय कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रिक ऑक्साइडची सुई उडाली की तो वेळ बाद. स्टेशनवर (मोजणीसाठी ठरलेल्या जागी) जहाज उभं असताना मात्र वाऱ्याचा नियमही फसतो, तिथे ७९ आणि ९३ बघा. डेकवर रंग लावणार असतील तर बोसनकडून (डेकवरच्या मुकादमाकडून) आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. आमचा एक संबंध दिवस रंगाच्या थिनरमध्ये गेला होता आणि कोणाची चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं.

चाचणी फेरीचा डेटा फेकायचा का? मी लगेच फेकणार नाही. पहाटेचे बिंदू, रात्री दोन ते सूर्योदयापर्यंतचे, वारा पुढून, पाऊस नाही, ४५ कमी, असे वेगळे काढा. ते ३५० बहुधा खऱ्याच्या जवळ असतील, थोडे जास्तच दाखवत असतील. लॅबमध्ये ओल्या हवेचा झिरो कॅटॅलिस्टने आता घ्या, त्याच ३७-१९ गुणोत्तराला आणा, आणि बघा की ६३ वर किती बसतं. मशीनची सेटिंग तेव्हापासून हलवली नसेल तर तेवढं जुन्या डेटातून वजा करता येईल आणि अनिश्चितता मोठी धरून लिहिता येईल. दुपारचे आणि पावसातले आकडे मात्र मी कुठल्याही नकाशात घालणार नाही.

आणि घालू नका म्हणते त्याला कारण आहे. समुद्रातून वर्षाला किती गंधक डीएमएसच्या रूपाने हवेत जातं याचा अंदाज पुण्याच्या आयआयटीएममधून (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून) २०२२ मध्ये नव्याने आला, २७.१ टेराग्रॅम, म्हणजे दोन कोटी सत्तर लाख टनांच्या आसपास. तो अंदाज जहाजांवर घेतलेल्या पाण्यातल्या हजारो मोजण्यांवर उभा आहे, आणि असे अंदाज बरोबर आहेत का हे ताडून बघायला हवेतली मोजणी लागते. पावसाळ्यात अरबी समुद्रात जाणारी जहाजं कमी, त्यामुळे तिथला प्रत्येक बिंदू भारी. तुमचा एक चुकीचा दुपारचा हजार कोणाच्या तरी मॉडेलमध्ये जाऊन वर्षानुवर्षं बसेल.

चार आठवड्यांत सगळं होणार नाही, तर क्रम असा ठेवा. पहिला आठवडा हीटिंग टेप आणि कॅटॅलिस्ट, हे नसेल तर निघू नका. दुसऱ्यात अ‍ॅसिटाल्डिहाइडचा तक्ता. ड्युटेरियमवाला डीएमएस आजच मागवा, यायला वेळ लागतो, नाहीच आला तर साधा डीएमएस दर सहा तासांनी इनलेटच्या तोंडाशी भर टाकून काम चालेल. शेवटचा आठवडा सगळं जोडून लॅबच्या गच्चीवर चालवून बघायला ठेवा, एसी २० वर करून, आणि बाहेर पाऊस असला तर फारच चांगलं.

तुमचे ६३, ४५, ३७ आणि सापेक्ष वाऱ्याचे त्या पाच दिवसांचे कॉलम एकत्र करून ठेवलेत तर मला बघायला आवडेल. विशेषतः तिसऱ्या दिवशीचा तो पाऊस.